कोर्टाचं दार दुपारी कुणासाठी उघडं असतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीचं अधिवेशन झालं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी पाच खेळ घेतले, आपल्याकडे अर्थातच फक्त क्रिकेटची बातमी झाली, पण त्याच यादीत स्क्वॉशही होता, चार भिंतींच्या कोर्टात रॅकेटनं भिंतीवर बॉल मारत खेळतात तो. २०१२, २०१६, २०२० असं प्रत्येक वेळी या खेळाला ऑलिंपिकच्या दारातून परत पाठवलं होतं, आणि शेवटी दार उघडलं ते आपल्या मुंबईत. तेव्हापासून स्क्वॉशवाल्या लोकांच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास येतं, की बाबा टॅलेंट गावात आहे, क्लबात बसून काय होणार, खेळ गावात न्या. आणि मग पुरावा म्हणून पेशावरजवळच्या त्या एका गावाचं नाव घेतलं जातं. नवाकिले.

मला त्या वाक्याशी भांडायचं नाहीये. न्या ना गावात, जरूर न्या. पण नवाकिलेचं उदाहरण देताना आपण त्यातून जो धडा काढतो तो साफ चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि चुकीचा धडा घेऊन आपण गावात कोर्ट बांधायला लागलो तर पाच वर्षांनी त्या कोर्टात ग्रामपंचायतीच्या खुर्च्या ठेवलेल्या असतील.

आधी आकडे बघू, कारण आकडेच वेडे आहेत. ब्रिटिश ओपन म्हणजे वर्ल्ड ओपन सुरू व्हायच्या आधी स्क्वॉशची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा. १९५१ ते १९५६ हाशिम खान. १९५७ रोशन खान. १९५८ परत हाशिम. १९५९ ते १९६२ हाशिमचा धाकटा भाऊ आझम. १९६३ मोहिबुल्ला, हा भाचा. म्हणजे सलग तेरा वर्षं जगातलं सगळ्यात मोठं टायटल एका छोट्या गावातल्या नात्यागोत्यातल्या चार माणसांमध्ये फिरत होतं. आणि हे इथंच थांबत नाही. १९८२ ते १९९१ सलग दहा वर्षं रोशनचा मुलगा जहांगीर, मग १९९२ ते १९९७ सलग सहा वर्षं जानशेर, तोही त्याच गावचा. जहांगीर कराचीत जन्मला हे खरं, पण घराणं नवाकिलेचं. सगळं मिळून एकोणतीस ब्रिटिश ओपन. मला तरी दुसऱ्या कुठल्या खेळात असं दुसरं गाव माहीत नाही.

आता याचं स्पष्टीकरण म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, पठाणांचं रक्तच तसं, काटक माणसं. दोन, गरिबी, अनवाणी खेळले, भूक होती म्हणून जिंकले. दोन्ही गोष्टी ऐकायला भारी वाटतात, आणि दोन्हींचा फायदा असा की ऐकणाऱ्याला काही करावं लागत नाही. रक्त असेल तर आपण काय करणार, आणि गरिबी असेल तर ती आपल्याकडे भरपूर आहेच. पेशावरच्या आसपास काटक पठाणांची गावं काय कमी होती का? आणि गरिबीनं चॅम्पियन झाले असते तर सबंध उपखंड चॅम्पियन झाला असता. मग हेच गाव का?

कारण हे गाव पेशावर छावणीला लागून होतं आणि गावातली माणसं साहेबांच्या क्लबात नोकरीला होती. बस्स. हाशिमचे वडील अब्दुल्ला खान हे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात हेड स्टुअर्ड होते, पोरगं त्यांच्याबरोबर जायचं. तिथली स्क्वॉशची कोर्टं उघडी होती, छप्परच नाही, साहेबाचा फटका जोरात गेला की बॉल भिंतीवरून बाहेर, आणि तो आणून द्यायला वरती पोरं बसलेली. हाशिम त्यातला एक. वडील तो लहान असतानाच गेले, शाळा सुटली आणि बॉल बॉय, कोर्ट झाडणं हेच काम झालं. आणि मग यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी अनवाणी पायांच्या कौतुकात कुणी बघतच नाही. दुपारी उन्हाच्या कडाक्यात साहेब लोक खेळायचे नाहीत. कोर्ट रिकामं असायचं. आणि या पोरांना ते मोकळं मिळायचं. साहेबांनी टाकून दिलेला बॉल, तुटकी रॅकेट, जोडीदार नसला तर एकटाच भिंतीशी. हाशिम स्वतःशीच खेळायचा.

हे असं वर्षानुवर्षं. त्या वयात मुंबईतल्या एखाद्या श्रीमंत घरातल्या मुलाला आठवड्यातून किती तास कोर्ट मिळत असेल? बुकिंग करून, मोठ्यांच्या वेळा सोडून, पाऊण तास. हाशिम गरीब होता हे खरं, पण कोर्टाच्या बाबतीत तो जगातल्या बहुतेक मुलांपेक्षा श्रीमंत होता. बूट नव्हते, कोर्ट होतं. आणि आपण लेख लिहिताना बुटांवर लिहितो.

मुंबईचा संबंध इथं येतो आणि तो मला फार आवडतो. १९४४ साली अखिल भारतीय स्पर्धा मुंबईत झाली ती हाशिमनं जिंकली आणि पुढची दोन वर्षं टायटल सोडलं नाही. तोवर तो पेशावरला एअर फोर्सच्या मेसमध्ये कोच झाला होता. मग फाळणी. त्याचाच एक लांबचा नातेवाईक अब्दुल बारी मुंबईतच राहिला, आणि १९५० मध्ये आपल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियानं (सीसीआय) त्याला ब्रिटिश ओपनला पाठवलं. बारी थेट फायनलला गेला, इजिप्तच्या महमूद करीमशी हरला. ही बातमी पेशावरला पोचली. ज्याला आपण मुंबईत हरवत आलोय तो लंडनमध्ये फायनल खेळतो, म्हणजे आपण कुठं असू, एवढा साधा हिशोब. मग हाशिमनं खटपट केली, पाकिस्तानच्या एअर फोर्सनं पैशाची सोय केली आणि १९५१ मध्ये पस्तिशी ओलांडलेला हा माणूस लंडनला गेला. फायनलमध्ये समोर तोच करीम. ९-५, ९-०, ९-०.

थोडक्यात सीसीआयनं एक तिकीट काढलं नसतं तर कदाचित हे सगळं घराणं पेशावरच्या मेसमध्येच राहिलं असतं. म्हणजे मी हे जरा ताणून म्हणतोय, पण फार नाही.

पुढचं जे झालं त्याला मी खरी क्लबची वाढ म्हणेन, कारण एक माणूस जिंकला याला वाढ म्हणत नाहीत. आझम आधी टेनिस शिकवायचा. मोठ्या भावाला समोर उभं राहायला कुणीतरी तोडीचं पाहिजे होतं म्हणून तो स्क्वॉशमध्ये ओढला गेला, आणि दोन-तीन वर्षांत तो जगात दुसऱ्या नंबरला. भाऊ-भाऊ ब्रिटिश ओपनच्या फायनलला. मग भाचे, मुलगे, पुतणे. प्रत्येकाच्या घरात, गल्लीत एक जण असा की जो जगातल्या पहिल्या पाचात आहे आणि संध्याकाळी कोर्टावर तुला ठोकतो. तालमीत जसं वस्तादाच्या अंगाशी खेळून पोरगं तयार होतं, पुस्तक वाचून नाही, तसं. यात रक्ताचा काही हात असेलही, मला माहीत नाही, पण रोज स्वतःपेक्षा भारी माणसाशी खेळायला मिळणं हे एकट्यानंच एवढं मोठं कारण आहे की दुसरं शोधायची गरज पडत नाही.

आणि तिसरी गोष्ट पगार. हे सगळे प्रोफेशनल होते, आणि त्या काळात प्रोफेशनल म्हणजे काही मानाची गोष्ट नव्हती, अमॅच्युअर म्हणजे जंटलमन आणि प्रोफेशनल म्हणजे क्लबचा नोकर. पण नोकर असला तरी महिन्याला पगार यायचा आणि पोरांना दिसायचं की या खेळावर घर चालतं. पुढे एअर फोर्स, नेव्ही आणि नंतर एअर मार्शल नूर खान प्रमुख असतानाच्या काळात पीआयए या सरकारी एअरलाइननं खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, तरुण पोरांसाठी योजना काढली, परदेशी स्पर्धांना विमानानं पाठवलं (विमान त्यांचंच होतं म्हणा). जहांगीर १९८१ ते १९८६ साडेपाच वर्षं एकही मॅच हरला नाही, पाचशे पंचावन्न मॅच असा आकडा सांगतात, तुलूझला रॉस नॉर्मननं वर्ल्ड ओपनच्या फायनलला हरवलं तेव्हा ती मालिका संपली, हे सगळं त्याची जिद्द आणि भावाच्या मृत्यूचं दुःख यातून आलं असं सांगतात. भाऊ तोरसम १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅच खेळतानाच कोसळला आणि गेला. ते खरंच आहे. पण त्या जिद्दीच्या मागे एक चुलत भाऊ रहमत खान लंडनमध्ये पूर्णवेळ कोच म्हणून उभा होता आणि एक घराणं होतं ज्याला तीस वर्षांचा अनुभव होता की पंधरा वर्षांच्या पोराला काय खायला घालायचं आणि किती पळवायचं.

आपण म्हणतो, कबड्डीतली, कुस्तीतली पोरं पोलिसात, रेल्वेत लागतात म्हणून गावात तो खेळ टिकतो. स्वप्निल कुसाळे कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तो रेल्वेत टीसी होता. शूटिंग हा काय गावाचा खेळ आहे का, एकेक गोळीला पैसे लागतात. पण नोकरी होती म्हणून निभावलं. स्क्वॉशही काही वेगळा नाही.

आता नवाकिले थंड का झालं, हेही बघायला पाहिजे, कारण नुसत्या यशाची गोष्ट सांगणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो. हाशिम अमेरिकेत गेला, आधी डेट्रॉइट मग डेन्व्हर, २०१४ मध्ये तिथंच वारला. त्याचा मुलगा शरीफनं नॉर्थ अमेरिकन ओपन बारा वेळा जिंकली. आझमनं लंडनमध्ये शेफर्ड्स बुशला क्लब चालवला. मोहिबुल्ला बोस्टनला. म्हणजे जी माणसं गावात संध्याकाळी पोरांना ठोकायची ती आता अमेरिकन वकील-डॉक्टरांना बॅकहँड शिकवत होती. त्यांना दोष कसला द्यायचा, पैसा तिकडे होता, इज्जत तिकडे होती, इकडे नोकर आणि तिकडे मिस्टर खान. पण गावात जी साखळी होती तिच्या वरच्या कड्या निघून गेल्या. जानशेरनंतर ब्रिटिश ओपनला एकही पाकिस्तानी पुरुष जिंकला नाही, आज पंचवीसहून जास्त वर्षं झाली. कोर्टं तर उलट वाढली, छपराची झाली, काचेची झाली, खेळाडूंच्या नावानं कॉम्प्लेक्स झाली. २०२३ च्या जुलैमध्ये मेलबर्नला हमजा खाननं ज्युनियर वर्ल्ड टायटल आणलं, जानशेरनंतर सदतीस वर्षांनी, आणि तो परत नवाकिलेचाच निघाला तेव्हा सगळ्यांनी पुन्हा रक्ताची गोष्ट काढली. मला वाटतं यात एवढंच दिसतं की एवढ्या पडझडीनंतरही त्या गावात खेळ माहीत असलेली माणसं अजून शिल्लक आहेत.

आणि त्या एकोणतीस टायटलमध्ये एकही बाई नाही. हे कुणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतो. आझमची नात कार्ला खान खेळली, पण ती इंग्लंडमध्ये वाढलेली. दक्षिण वझिरिस्तानची मारिया तूरपकई लहानपणी मुलगा म्हणून वावरली, पेशावरला स्क्वॉशपर्यंत पोचली, चांगली खेळायला लागली तर धमक्या आल्या, शेवटी कॅनडात माजी वर्ल्ड नंबर वन जॉनथन पॉवरकडे जाऊन ट्रेनिंग केलं. म्हणजे ज्या गावाला आपण आदर्श म्हणतो तिथं निम्म्या गावाला कोर्टाचं दार बंदच होतं. क्लब नोकरीतून वाढला, नोकऱ्या पुरुषांच्या, म्हणून खेळ पुरुषांचा. आपल्याला गावात क्लब काढायचा तर ही गोष्ट पहिल्या दिवशी बघावी लागेल, नंतर बघू म्हटलं की ती कधीच होत नाही.

गाव म्हटलं की फक्त गरीब गावच डोळ्यासमोर आणायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला पाँटिफ्रॅक्ट म्हणून लहानसं शहर आहे, आपल्याकडच्या मानानं मोठं गावच. तिथल्या क्लबात माल्कम विल्स्ट्रॉप नावाचे कोच वर्षानुवर्षं होते, २०२१ मध्ये गेले. त्यांच्याकडून ली बीचिल २००४ मध्ये वर्ल्ड नंबर वन झाला आणि त्यांचा मुलगा जेम्स २०१२ मध्ये. एका छोट्या गावच्या क्लबातून दोन नंबर वन. तिथली पद्धत काय तर जगातला पहिल्या दहातला खेळाडू आणि शाळकरी पोरगं एकाच सेशनला, शेजारच्या कोर्टावर, कधी एकाच कोर्टावर. वेगळी एलिट बॅच वगैरे नाही. इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांचं सगळं गणितच या मिसळण्यावर असतं, क्लबची आतली बॉक्स लीग असते, चार-पाच जणांचा एक गट, महिनाभरात सगळ्यांशी खेळायचं, जिंकला तो वरच्या गटात, हरला तो खाली. साठीचे काका आणि बारावीतली मुलगी एका गटात येऊ शकतात. मग काउंटीच्या लीगमध्ये क्लबची पहिली टीम, दुसरी टीम, पाचवी टीमसुद्धा. पाचव्या टीमलाही अवे मॅच असते आणि मॅचनंतर पाहुण्या टीमला जेवू घालायचं असतं. खरं सांगायचं तर क्लब या पाचव्या टीमवर चालतो, तेच वर्गणी भरतात, तेच पोरांना गाडीतून नेतात. इजिप्तचंही तेच, तिकडे गाव नाही, कैरो आणि अलेक्झांड्रियाचे मोठे क्लब आहेत, १९९६ पासून गिझाच्या पिरॅमिडसमोर काचेच्या कोर्टवर स्पर्धा भरवल्या आणि सगळं जग बघत राहिलं, पण पोरं तयार झाली ती रोज क्लबात मोठ्यांच्या पायात घुटमळून.

आपल्याकडे कुणी काही केलंच नाही असं नाही. रायगड जिल्ह्यात खालापूरजवळ कलोते गावात माजी राष्ट्रीय विजेता ऋत्विक भट्टाचार्य यानं ॲकॅडमी काढली, आणि आजूबाजूच्या वाड्यांवरची आदिवासी पोरं तिथं खेळायला लागली. मुंबई-पुणे रस्त्यानं आपण सगळे शंभर वेळा गेलोय आणि त्या डोंगराकडे बघून फक्त फार्महाऊसचे बोर्ड वाचलेत. तिथली पोरं ज्युनियर टूर्नामेंटला उतरली, मुंबईच्या क्लबातल्या मुलांशी खेळली. मला याचं फार कौतुक आहे. पण कौतुक करताना मी एकच गोष्ट बघतो, त्या पोरांना किती मेडल मिळाली ते नाही, त्यांच्यातले किती जण पंचविशीत त्याच कोर्टावर शिकवतायत आणि त्याचा पगार घेतायत. कारण मेडल मिळवलेला पोरगा पुण्याला जाईल, मुंबईला जाईल, जायलाच पाहिजे, पण शिकवणारा राहिला तर दुसरी पोरं तयार होतील. एक खेळाडू, एक दाता, एक कोच यांच्यावर उभा असलेला क्लब हा कितीही चांगला असला तरी त्या माणसाच्या गुडघ्याएवढाच टिकतो.

आता यावर लोक म्हणतील, आणि म्हणतातच, की अरे गावात कबड्डी आहे, खो-खो आहे, स्क्वॉशचं हे नसतं खूळ कशाला? प्रश्न बरोबर आहे, टाळता येत नाही. स्क्वॉशचं कोर्ट पावणेदहा मीटर लांब, ६.४ मीटर रुंद, म्हणजे बासष्ट चौरस मीटर, त्यात लाकडी फ्लोअर, चार भिंती अशा की कुठंही फुगवटा नको, मागची भिंत बऱ्याचदा काचेची. आणि एवढ्यात एका वेळी खेळणार किती तर दोन जण. कबड्डीच्या १३ बाय १० च्या मैदानात चौदा जण खेळतात आणि माती फुकट. दर माणशी खर्च काढला तर स्क्वॉश कधीच जिंकणार नाही. म्हणून प्रत्येक गावात कोर्ट वगैरे घोषणा कुणी केली तर मी पहिला विरोध करीन. तालुका क्रीडा संकुलं आपण बघितलीत, बांधताना टेंडर, उद्घाटनाला फ्लेक्स, नंतर कुलूप.

पण हाच प्रश्न धनुर्विद्येला विचारला असता तर? साताऱ्याकडची आदिती स्वामी, नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला दोघांनी कंपाउंड या धनुष्याच्या प्रकारात वर्ल्ड चॅम्पियनशिपचं वैयक्तिक गोल्ड आणलं, आदिती तर सतरा वर्षांची. कंपाउंड धनुष्य काय स्वस्त असतं का? तिथं प्रत्येक गावात रेंज नव्हती. एका ठिकाणी एक माणूस रोज सकाळ-संध्याकाळ उभा होता आणि पोरं त्याच्याकडे येऊन राहिली. मला स्क्वॉशसाठी तेवढंच पाहिजे, जिल्ह्यात एक जागा, तीन-चार कोर्टं एकत्र, कारण एकट्या कोर्टावर क्लब होत नाही, वाट बघणाऱ्याला खेळणारा दिसला पाहिजे, आणि बाहेर एक उघडी भिंत, जिच्यावर नंबर लागेपर्यंत पोरं बॉल मारत बसतील. भिंतीला बुकिंग लागत नाही. मोठ्या खेळाडूंचा पिवळ्या दोन ठिपक्यांचा बॉल सुरुवातीला देऊ नका, तो तापल्याशिवाय उडतच नाही आणि पोरगं कंटाळतं, शिकाऊ मोठे बॉल मिळतात ते द्या.

आणि खरं सांगू का, नवाकिलेसारखी माणसं आपल्याकडे आत्ता आहेत. मुंबई-पुण्याच्या क्लबात, जिमखान्यात जे मार्कर असतात ते. मेंबरबरोबर खेळतात, रॅकेट विणून देतात, कोर्ट बघतात, मेंबरच्या मुलांना पहिला फोरहँड शिकवतात. बरेच जण साध्या घरातले, काही जणांचे वडीलही त्याच कामात, आणि खेळायला उतरले की भल्याभल्या मेंबरला पाणी पाजतात. मी पस्तिशीनंतर खेळायला शिकलो ते अशाच एका मार्करकडून, आणि माझ्यासारख्या माणसाला तो जे चार-चार पॉइंट सोडायचा ते मला कळू नये इतक्या सफाईनं सोडायचा. या लोकांच्या हातात जेवढा खेळ आहे तेवढा एखाद्या कोचिंगच्या लेव्हल टूच्या सर्टिफिकेटात मावत नाही. पण आपण त्यांना सर म्हणत नाही. त्यांच्या मुलांना क्लबच्या कोर्टवर खेळायला मिळतं का, तर मिळतं कुठं कुठं, मर्जीनं, सेक्रेटरी चांगला असला तर. हक्कानं नाही.

२०२३ च्या एशियन गेम्समध्ये हांगझोला आपल्या पुरुषांच्या टीमनं पाकिस्तानला फायनलला हरवून गोल्ड घेतलं, त्या टीममध्ये मुंबईचा महेश माणगावकर होता, सौरव घोषाल होता, निर्णायक मॅच अभय सिंगनं काढली. समोर नूर झमान, पाकिस्तानच्या जुन्या चॅम्पियन कमर झमानचा नातू. मॅच बघताना मजा आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आता खेळ तळागाळात न्यायला पाहिजे. तळागाळ कुठं लांब आहे? बांद्र्याला कार्टर रोडच्या एका टोकाला क्लब आहे आणि दुसऱ्या टोकाला दांडा कोळीवाडा, मध्ये चालत वीस मिनिटं. ते गावच आहे, मुंबईच्या आधीपासूनचं गाव. मुंबईतले बरेचसे जिमखाने सरकारी जमिनीवर आहेत, भाडं नाममात्र. आठवड्याच्या दिवशी दुपारी बारा ते चार बहुतेक कोर्टं रिकामी असतात, मेंबर ऑफिसात असतात, एसी बंद असतो. पेशावरच्या साहेबानंसुद्धा ती दुपार पोरांना दिली होती, देण्याचा त्याचा काही उदात्त हेतू नव्हता, तो फक्त झोपला होता.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. लीज रिन्यू करताना सरकारनं अट घालावी की दुपारचे ते तास वॉर्डातल्या पालिकेच्या शाळांच्या मुलांना, आणि शिकवायला क्लबचेच मार्कर, त्या तासांचा वेगळा पगार. मेंबर लोक कुरकुर करतील, शूज घाण, बाथरूम घाण, टॉवेल गेले, ही कुरकुर मी आत्ताच ऐकू शकतो. करू द्या. आणि जिथं खरोखर गावात नवीन कोर्ट बांधायचंय, सीएसआरचा पैसा आलाय, तिथं दात्याला सांगायचं की नावाची पाटी लावा, पाहिजे तेवढी मोठी लावा, पण बांधकामाएवढीच रक्कम दहा वर्षांच्या पगारासाठी बँकेत ठेवा. दोन कोच, त्यातली एक बाई, दोघंही शक्य तेवढी जवळची, आणि त्यांच्या हाताखाली गावातलीच सोळा-सतरा वर्षांची दोन पोरं असिस्टंट म्हणून, थोडे का होईना पैसे देऊन, कारण घरी आईबापांना सांगायला ते पैसे लागतात. पहिली तीन वर्षं मेडलचा रिपोर्ट मागायचा नाही, रोज किती मुलं आली आणि त्यात किती मुली एवढं रजिस्टर मागायचं. दात्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण रजिस्टरचा फोटो काढून कुठं टाकणार.

आणि बॅचच्या वेळा ठरवताना समोर एसटीचं टाइमटेबल ठेवायचं. शाळा पाचला सुटत असेल आणि वाडीवर जाणारी शेवटची गाडी साडेसहाला असेल तर मुलींची बॅच सव्वासहाला संपलीच पाहिजे, मॅच कितीही रंगलेली असो, नाहीतर एकदा गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घरून सोडत नाहीत, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या दोघीही बंद होतात.